दहावा चेहरा

त्या दिवशी सूर्यास्त चार वाजून एकतीस मिनिटांनी होता, आणि पावणेचारला तिर्झा वोलोख रसायनशास्त्राच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका दारापुढे उभी होती. दार वाजवायला उचललेला हात तिने दोनदा खाली घेतला होता. आत यॉएल सास्लो फळा पुसत होता. ओल्या फडक्याचा आवाज येत होता, लांबट, एकसुरी, फळ्यावरचं काहीतरी जाता जात नसल्यासारखा.

तिला त्याचा अर्धा तास हवा होता. त्याने बोलायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. नुसतं असायचं होतं.

बाप जाऊन आज अकरा महिने पुरे होत होते. अव्रम वोलोख बाल्टिमोरमध्ये लोकांच्या घरी जाऊन पियानो सुरात लावून देत असे. डिसेंबरातल्या एका सकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात, पियानोचं झाकण उघडं असतानाच, तो जमिनीवर बसला आणि पुन्हा उठला नाही. एकुलती मुलगी म्हणून कादिश तिर्झाकडे आला. गेलेल्यासाठी म्हणायची ही प्रार्थना. तिच्यात मृत्यूचा साधा उल्लेखही नाही. आहे ती फक्त स्तुती, ज्याच्यावरचा विश्वास आत्ताच उडालेला असतो त्या देवाची. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. ‘आमेन’ म्हणायला दहा ज्यू जमावे लागतात. नऊच जमले तर शब्द तोंडातच ठेवून परत जायचं. असे अकरा महिने, रोज तिसऱ्या प्रहरी, सूर्य मावळायच्या आत. आजचा कादिश शेवटचा होता.

“दार उघडंच आहे,” आतून आवाज आला. “यायचं तर ये, नाहीतर जा. दाराखाली सावली दिसली की हल्ली माझ्या छातीत धडधडतं.”

ती आत गेली. यॉएलने वळून पाहिलं नाही. तो सव्वीस वर्षांचा होता, डुलुथकडचा, संशोधन करता करता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारा. महिन्यापूर्वीपर्यंत तो आठवड्यातून तीनदा प्रार्थनेला येई, मागच्या बाकावर बसे आणि संपल्यावर खिशातून कुस्करलेली बिस्किटं काढून सगळ्यांना वाटे. आता त्याच्या मानेचा मागचा भाग तिला ओळखू येत नव्हता, इतका तो ताठ झाला होता. फळ्यावर तो जे घासत होता ते खडूने लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी खिळ्याने कोरलं होतं. पाण्याने ते अधिकच चमकत होतं.

“बावीस मुलं होती माझ्या तासाला,” तो म्हणाला. “आज नऊ आली. तुझ्यासारखंच माझंही नवावर अडलंय बघ.”

तिने हसायचा प्रयत्न केला. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, ती आता एकमेकांत अडकली. शेवटी एवढंच बाहेर पडलं, “आज शेवटचा दिवस आहे.”

“माहीत आहे. मी यायला लागलो तेव्हा तुझा पाचवा महिना चालू होता.” फडकं त्याने बादलीत पिळलं. “तिर्झा, माझं नाव तसं उघड्यावर टाकायच्या आधी तू मला विचारलं होतंस?”

“नाही.”

“मग आजही विचारू नकोस.”

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर माणसं जमेनाशी झाली तेव्हा तिने एक तक्ता केला होता: तारीख, खोली, वेळ आणि खाली येणाऱ्यांची नावं. आणि तो इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. कारण एखादा ज्यू या गावातून नुसता जात असेल, त्याच्याही खांद्यावर कुणाचा तरी कादिश असेल, तर त्याला दार सापडायला हवं. तिच्या बापाच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दाराला कडी घालत नसत. कोण येईल सांगता येत नाही, म्हणत. त्याच घरात ‘यादी’ हा शब्द मात्र कुणी उच्चारत नसे. तिच्या आजीची थोरली बहीण युरोपात छळछावणीच्या एका यादीतून गेली होती, म्हणून वाण्याकडे न्यायचा कागदसुद्धा त्यांच्याकडे ‘चिठ्ठी’ असे. हे सगळं ठाऊक असलेल्या मुलीने तेवीस नावं एकाखाली एक लिहिली होती, खोलीच्या क्रमांकासकट. लिहिताना तिला फक्त उघडं दार दिसलं. यादी तिला दिसलीच नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तक्त्याचं चित्र कॉलेजभर फिरलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, शेजारी नीट ओळखून ठेवा. पुढचं सगळं हळूहळू झालं, अंगात ताप चढावा तसं. प्रार्थनेला येणाऱ्या दालियाच्या खोलीच्या चौकटीवरची मझुझा, ती बोटाएवढी डबी, जिच्यात वचनांची गुंडाळी असते, ती उचकटून कुणी संडासात टाकली. एकाच्या सायकलची चाकं चिरली. कुणाशी जेवणाच्या टेबलावर कुणी बोलेनासं झालं, तेही इतक्या सभ्यपणे की तक्रार करायला जागा राहिली नाही. आणि यॉएलचा फळा.

“ते मला रोज विचारतात,” यॉएल म्हणाला. आता तो वळला होता, आणि त्याच्या डोळ्यांखालची कातडी कागदासारखी दिसत होती. “शिकवताना मध्येच हात वर करतात आणि विचारतात. तिकडच्या लढाईबद्दल माझं मत काय. मी क्षारांबद्दल बोलत असतो गं. मी म्हणतो, तास संपल्यावर बोलू. तास संपल्यावर कुणी थांबत नाही. त्यांना उत्तर नकोच असतं. मी काय आहे ते सगळ्यांना दिसावं, एवढंच हवं असतं.” त्याने फडकं बादलीच्या काठावर टाकलं. “तुझे वडील चांगले असणार. पण ते गेलेत. मला अजून दोन वर्षं इथेच काढायचीत.”

खोली तुला माहीत आहे, एवढं म्हणून ती निघाली. जिन्यात तिला पुन्हा ते फडकं ऐकू आलं.

बाहेर हिरवळीवर मंडप होता, फलक होते, आणि ध्वनिक्षेपकावरून एक मुलगी तिकडच्या लढाईत मेलेल्या लहान मुलांची नावं वाचत होती. तिर्झाची पावलं प्रत्येक नावापाशी जड होत. एप्रिलमध्ये ती स्वतः इथे मेणबत्ती घेऊन उभी राहिली होती. त्या मुलांसाठी तिला रडू आलं होतं, अजून येई. पण शेजारच्या एकाने तेव्हा तिच्या गळ्यातल्या साखळीतला सहा टोकांचा तारा पाहून विचारलं होतं, आधी सांग, तू कुठल्या बाजूची. तिचं रडणं त्याला पुरावा म्हणून चाललं नव्हतं. तेव्हापासून साखळी आतल्या सदऱ्याखाली गेली होती आणि धातू कातडीला गार लागे.

मंडपाच्या कडेला मेरिट उभी होती. दोन वर्षं प्रयोगशाळेत त्या दोघी एकाच टेबलावर काम करत. मेरिटने हात केला, जवळ बोलावलं, हातातला गरम चहाचा पेला पुढे केला. शेजारच्या दोघांना ती मघापासून काहीतरी समजावत असावी, कारण तिच्या चेहऱ्यावर भांडण जिंकल्याचा आनंद होता.

“मी सांगितलंय यांना,” मेरिट म्हणाली. “म्हटलं, ही तसली नाही. ही त्यांच्यातली असली तरी चांगली आहे.”

हे तिने प्रेमाने म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते कुठे ढकलून देता येईना. तिर्झाने पेला घेतला नाही.

“मी त्यांच्यातलीच आहे, मेरिट. तसलीच.”

“अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं.”

तिला कसं म्हणायचं होतं ते ऐकायला वेळ नव्हता. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. मंडपामागे टोपी घातलेल्या एकाने फोन उभा धरला होता. तो आपल्याकडे रोखलाय की आभाळाकडे, हे तिने पाहिलं नाही. गेल्या महिन्यात ती एक चाल शिकली होती: भराभर चालायचं नाही, म्हणजे घाबरल्यासारखं दिसत नाही, सावकाश चालायचं नाही, म्हणजे आव्हान दिल्यासारखं दिसत नाही. या दोहोंमधली जागा अगदी अरुंद होती आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दुखत.

प्रार्थनेची खोली जुन्या संगीत विभागाच्या तळमजल्यावर होती. दाराशी आता पहारेकरी बसे. त्याने रोजच्यासारखं तिचं ओळखपत्र पाहिलं आणि रोजच्यासारखं त्याला त्याचं वाईट वाटलं. आत सगळे आलेले होते. सगळे म्हणजे जे अजून येत होते ते. दालिया होती, डॉक्टर व्हायला निघालेली, भीती वाटली की जास्तच विनोद करणारी. निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक हर्शेल प्लॉटकिन होते. ऐंशीच्या घरातले. पुरुषांबरोबर बायकाही मोजायच्या या खोलीतल्या प्रथेला त्यांनी वर्षभर नाक मुरडलं होतं. मग तिर्झाचा बाप गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते काही न बोलता तिलाही धरून मोजू लागले.

माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, हा जुना दंडक. आकडा लावला की माणसाला दृष्ट लागते. म्हणून प्लॉटकिन सर स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणत, प्रत्येक डोक्याला एक शब्द. आत्ताही त्यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत ते म्हटलं. वाक्य नवव्या शब्दाशी येऊन थांबलं. शेवटचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

“सर, मी आज दोनदा जेवलेय,” दालिया म्हणाली. “माझे दोन शब्द धरा.”

कुणी हसलं नाही. तिने स्वतःच मान खाली घातली.

बाकीची प्रार्थना नऊ जणांतही होते. ती त्यांनी सुरू केली. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत म्हणू लागले. तिर्झाचे शब्द पुढे जात होते आणि कान दाराकडे होते. पाण्याच्या नळातून कुठेतरी हवा गेली. बाहेरच्या ध्वनिक्षेपकाची नावं भिंतीतून पाझरल्यासारखी येत होती, अर्थ गळून नुसता स्वर उरलेली. चार अठरा. बापाचा चेहरा आठवायला गेलं की हल्ली तिला त्याचे हातच आठवत, तारेवर कान लावून किल्ली केसभर फिरवणारे. बेसूर आहे हे ऐकू येणं हीच त्याची सगळी विद्या होती. त्याच्यासाठी म्हटलेले तीनशेहून जास्त कादिश तिला एका लांब तारेसारखे वाटत, आणि तिचं हे शेवटचं टोक हवेत सुटं लोंबत होतं.

खिशात फोन थरथरला. प्रार्थनेत फोन पाहत नाहीत. तिने पाहिला.

यॉएलचा निरोप होता. बाहेर आहे, मागच्या बाजूला. आत येणार नाही. दारावर कोण येतं-जातं त्याचे फोटो काढतायत. सॉरी.

तिने फोन प्लॉटकिन सरांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, मग पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश एक वेगळंच भान आलं, अडलेल्या गणितात बाजूची वाट दिसावी तसं.

“मागच्या बाजूला म्हणजे इथे?” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “मग आत यायची गरज नाही. माणूस भिंतीबाहेर असला आणि खिडकीतून त्याने आपला चेहरा आतल्यांना दाखवला, तर तो आतलाच. शास्त्रात स्पष्ट आहे. चेहरा दिसला पाहिजे मात्र. आपल्याला त्याचा.”

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्या चित्रानंतर तिच्या काचेवर त्यांनीच तपकिरी कागद चिकटवला होता, चारही कडांना पट्टी लावून, उजेडाची चीरही राहणार नाही असा. बाहेरच्या कुणाला आपण दिसू नये म्हणून.

“तो फाडायचा?” कुणीतरी विचारलं.

तिर्झा एकेकाकडे पाहत होती आणि तिला कळत होतं की मागच्या खेपेला तिने जे विचारलं नव्हतं ते आज विचारायला हवं. चार बावीस झाले होते. विचारण्यात मिनिटं जाणार होती, आणि एकजण जरी नको म्हणाला असता तरी सगळं संपणार होतं.

“कागद काढला तर बाहेरून आपण सगळे दिसू,” ती म्हणाली. “फोटोही निघेल. ज्यांना नको असेल त्यांनी नुसती मान हलवा. मग मी बापाचा कादिश म्हणणार नाही, आणि तुमच्यावर रागावणारही नाही. खरंच.”

कोपऱ्यातला एक मुलगा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. ज्याच्या सायकलची चाकं चिरली होती, तो. मग त्याने टोपी नीट केली आणि भिंतीला टेकलेला तो सरळ उभा राहिला. दालिया केव्हाच खिडकीपाशी पोचली होती. पट्टीखाली नख घालत ती पुटपुटली की चिकटवतानाच जरा कमी चिकटवायची अक्कल कुणाला सुचली असती तर. कागद एकदम निघाला नाही. तो लांब, वेड्यावाकड्या फाळक्यांनी उतरत गेला, आणि प्रत्येक फाळक्याबरोबर बाहेरची नारिंगी, तिरपी, थंड संध्याकाळ आत येत गेली.

यॉएल काचेपासून हातभर अंतरावर उभा होता. नाकापर्यंत मफलर, कपाळावर ओढलेली लोकरी टोपी. मध्ये फक्त डोळे. तिर्झाने त्याला निरोप पाठवला. चेहरा दाखवलास तर पुरतं. चेहराच लागतो. तिने ‘ये’ म्हटलं नाही, ‘प्लीज’ लिहून ते खोडलं.

त्याने वाचलं. मग मान वळवून डावीकडे पाहिलं; तिकडे हिरवळीवरून तिघेचौघे या बाजूला येत होते, उघड्या पडलेल्या खिडकीचा उजेड दिसला म्हणून असेल. चार सत्तावीस. प्लॉटकिन सर वचन पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, अगदी हळू, एकेका डोक्यावर थांबत, त्याला वेळ मिळावा म्हणून. आठवा शब्द. नववा.

यॉएलने मफलर खाली ओढला आणि टोपी काढली. केस दबून कपाळाला चिकटले होते. ओठ फुटले होते. काचेतून तो त्या क्षणी कुणाचाही मुलगा वाटला असता.

दहावा शब्द सर मोठ्याने म्हणाले.

तिर्झाने सुरुवात केली. अकरा महिन्यांत जिभेला गुळगुळीत झालेले ते जुने अरमाईक शब्द आज खडे झाले होते, आणि प्रत्येक तिला उचलून ठेवावा लागत होता. खोलीने पहिलं आमेन म्हटलं. बाहेर यॉएलचे ओठ हलले. आवाज काचेच्या पलीकडेच राहिला, वाफ झाला. दुसऱ्या आमेनच्या वेळी ते तिघेचौघे त्याच्या मागे पोचले होते. टोपीवाल्याने फोन वर केला, आधी खिडकीकडे, मग यॉएलच्या बाजूने फिरून त्याच्या तोंडासमोर. कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं. तो उत्तर देत नव्हता. त्याने चेहरा झाकलाही नाही. तो आत पाहत राहिला, तिच्याकडे.

मग कुणीतरी त्याच्या खांद्याला धक्का दिला. जोराचा नव्हता. पण तो वळला, हात आडवा धरून वाट काढली आणि खिडकीच्या चौकटीतून निघून गेला. फोन त्याच्या मागे गेले.

तिर्झा थांबली. काच रिकामी होती. पुढचा शब्द समोर होता आणि पाय दाराकडे निघाले होते.

“सुरू दहांनी झालंय,” प्लॉटकिन सर दबक्या आवाजात म्हणाले. “मध्ये कुणी गेला तर पुरं करायचं असतं. तेही शास्त्रच आहे, पोरी. म्हण.”

तिने म्हटलं. इतक्या वेगाने तिने ते आजवर कधी म्हटलं नव्हतं. शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देत गेले, आणि त्या घाईबद्दल ती बापाची मनातल्या मनात माफी मागत होती. शेवटच्या ओळीला तीन पावलं मागे जायचं असतं, राजापुढून निघाल्यासारखं. ती तीन पावलं मागे गेली आणि थांबली नाही. शेवटच्या आमेनच्या वेळी ती दारात होती. चार एकतीस.

यॉएल संगीत विभागाच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडच्या दगडी पायरीवर बसला होता. पाठलाग करणारे गेले होते. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. टोपी त्याच्या हातात होती आणि तो ती पिळत होता, मघाच्या फडक्यासारखी.

“मला धरलं का?” त्याने विचारलं.

“धरलं.”

“पुरं झालं?”

“झालं.”

त्याने मान हलवली आणि फोन तिच्यापुढे केला. चित्र येऊनसुद्धा गेलं होतं: त्याचा चेहरा, अगदी जवळून, डोळे काहीतरी शोधत असल्यासारखे उघडे, आणि खाली त्याचं पूर्ण नाव. चाळीस जणांनी पुढे पाठवलं होतं. ती पाहत असतानाच त्रेचाळीस झाले. तिला म्हणायचं होतं की हे माझ्यामुळे. पण ते म्हटलं असतं तर त्यालाच तिची समजूत काढावी लागली असती, म्हणून ती त्याच्या शेजारी बसली. दगड गार होता.

तेवढ्यात फोन वाजू लागला. पडद्यावर ‘आई’ असं आलं. दोघंही त्याकडे पाहत राहिले. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. यॉएलने घसा साफ केला, एकदा, दोनदा, गायला बसणाऱ्या माणसासारखा, आणि उचलला.

त्याचा आवाज बदलला होता. सपाट, निवांत, घरच्या माणसासाठी इस्त्री केलेला. हो, म्हणाला, तास चांगला झाला. हो, मुलं विचारतात प्रश्न, खूप विचारतात. नाही, टोपी घालतो ना. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्याने डोळे मिटले. हिरवळीवरच्या झाडांचं पानही हलत नव्हतं.

“रडत नाहीये, आई,” तो म्हणाला. “इथे वारा फार आहे.”